महागडा कॉम्प्युटर आणि त्याचा एसएमपीएस

शिरूर, दौंडसारख्या तालुक्याच्या गावांतही आता लाख-दीड लाखाचा कॉम्प्युटर घेणारी मंडळी दिसू लागली आहेत. नाव 'गेमिंग कॉम्प्युटर' असले तरी त्यावर नुसते खेळच चालतात असे नाही. लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग करणारे, फ्लेक्सचे डिझाइन काढणारे, एम्ब्रॉयडरी मशीनसाठी नक्षीचे पंचिंग करणारे, घराचे नकाशे उभे करून दाखवणारे असे कितीतरी कारागीर आज याच मशीनवर पोट भरतात. दिवसा धंदा आणि रात्री मुलांचे खेळ, असा दुहेरी उपयोग बऱ्याच घरांत चालतो. तेव्हा हा केवळ पोरांच्या हौसेचा मामला राहिलेला नाही. ज्याच्या गल्ल्यातून पैसे जाणार त्यानेही यातले थोडे समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

मुलगा कोटेशन घेऊन येतो. त्यात प्रोसेसरचे नाव असते, ग्राफिक्स कार्डचे पूर्ण मॉडेल असते, रॅम किती, एसएसडी कोणती, कॅबिनेटला काच आणि रंगीत दिवे किती, हे सारे तपशीलवार लिहिलेले असते. आणि खाली एक ओळ असते : 'एसएमपीएस ७५० वॉट'. कंपनीचे नाव नाही, मॉडेल नाही. कापडाच्या बिलात कोणी नुसते 'कापड, शंभर मीटर' असे लिहून दिले तर आपण ते बिल घेऊ का? पन्ना विचारू, काउंट विचारू, मिल विचारू. पण इथे मात्र ती ओळ वाचून आपण पुढे सरकतो, कारण हा एसएमपीएस म्हणजे एक लोखंडी डबा, त्यात बघायचे काय, असे वाटते. दुकानदारालाही हे ठाऊक असते. गिऱ्हाइकाने भाव पाडायला लावला की तो कात्री याच ओळीवर चालवतो.

या डब्याचे काम काय ते आधी पाहू. आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची एसी वीज येते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना ही वीज चालत नाही. त्यांना १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज लागते, आणि तीही अगदी नेमकी. १२ व्होल्टच्या लाइनवर पाच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६ एवढीच मुभा ठरलेल्या मापात आहे. एसएमपीएस आलेल्या एसीची आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिची उघडझाप करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ती उतरवतो आणि शेवटी कॅपॅसिटरमधून गाळून सपाट करतो. जी सूक्ष्म थरथर उरते तिला रिपल म्हणतात. १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्टच्या वर जाऊ नये असा नियम आहे. ही मापे इंटेल कंपनीने १९९५ मध्ये काढलेल्या एटीएक्स नावाच्या मानकातून चालत आली असून त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या आहेत.

मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क अशा प्रत्येक भागाची खुराक याच डब्यातून जाते. बाकी कोणता भाग बिघडला तर तो एकटा बिघडतो. एसएमपीएस वाईट असेल तर तो जाताना सोबत दुसऱ्यांनाही घेऊन जातो. चांगल्या डब्यात यासाठी संरक्षणाच्या साखळ्या असतात : व्होल्टेज फार वर गेले तर बंद, फार खाली गेले तर बंद, करंट जास्त झाला, शॉर्ट झाला, आत उष्णता वाढली तरी बंद. स्वस्तातल्या डब्यात नेमक्या याच गोष्टी गाळलेल्या असतात, कारण त्या असल्या काय नि नसल्या काय, पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालूच होतो.

आता लेबल कसे वाचायचे ते सांगतो. मोठ्या अक्षरात लिहिलेला वॉटचा आकडा आधी विसरून जावे. डब्याच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी गिऱ्हाइके १२ व्होल्टवरच जेवतात. ५ आणि ३.३ व्होल्टचा वापर अगदी किरकोळ उरला आहे. अँपिअरला बाराने गुणले की खरी ताकद कळते. बाहेर '४५० वॉट' छापलेल्या आणि हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या एखाद्या डब्यावर १२ व्होल्टला १८ अँपिअर लिहिलेले असेल तर हिशेब होतो २१६ वॉट. उरलेले वॉट कुठे गेले? ते ५ आणि ३.३ च्या लाइनवर दाखवलेले असतात, जिथे त्यांचा उपयोग नाही. उलट नावाजलेल्या कंपनीच्या ७५० वॉटच्या डब्यावर १२ व्होल्टला ६२ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळपास पूर्ण ७५० वॉट एकाच लाइनवर. तक्ताच नसेल, किंवा त्यावरचे आकडे जुळत नसतील, तर तो डबा हातातून खाली ठेवावा.

किती वॉटचा घ्यायचा हा दुसरा प्रश्न. यात दोन्ही बाजूंनी लोक फसतात. काहींना वाटते, हजार वॉटचा डबा लावला की मीटर हजार वॉटने पळणार. तसे होत नाही. दोन टनांचा टेम्पो घेतला म्हणून रोज दोन टन माल भरावाच लागतो असे थोडेच आहे? कॉम्प्युटर जेवढी मागेल तेवढीच वीज डबा देतो. पण म्हणून गरजेपेक्षा दुप्पट ताकदीचा घेण्यातही शहाणपण नाही, तेवढे पैसे दर्जात घालावेत.

हिशेब साधा आहे. ग्राफिक्स कार्डाचे वॉट, प्रोसेसरचे जास्तीत जास्त वॉट आणि बाकी सगळ्यांसाठी ७०-८० वॉट अशी बेरीज करायची. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉट घेते, कोअर आय-५ १३४००एफ प्रोसेसर भरात आला की १४८ वॉटपर्यंत जातो. बाकीचे धरून साधारण ३४० वॉट झाले. यासाठी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते आणि तो पुरतो. आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॉटचे आहे, त्यासाठी कंपनीची शिफारस ६५० वॉटची. जोडीला तगडा प्रोसेसर असेल तर ७५० घ्यावा. अगदी वरच्या टोकाला पाहिले तर जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आलेले आरटीएक्स ५०९० कार्ड एकटेच ५७५ वॉट खाते, आणि त्याच्याबरोबर आय-९ १४९००के लावला तर त्याचे आणखी २५३. असल्या मशीनला हजार वॉटच्या खाली विचारच करू नये, कंपनीही तेच सांगते. आपल्याकडे फारच थोड्यांना इतके लागेल. एडिटिंग आणि डिझाइनच्या धंद्याला ६५० ते ७५० वॉटचा चांगला डबा वर्षानुवर्षे पुरतो.

बेरजेपेक्षा दीडपट ताकद का ठेवायची, तर त्याला कारण आहे. नव्या ग्राफिक्स कार्डांची भूक सारखी नसते. सरासरी २०० वॉट घेणारे कार्ड क्षणभरासाठी त्याच्या कितीतरी वर उसळी मारते. ही उसळी इतकी थोडा वेळ असते की मीटरला तिचा पत्ताही लागत नाही, पण कमकुवत एसएमपीएसला तो झटका शॉर्टसारखा वाटतो आणि तो बंद पडतो. खेळ ऐन रंगात असताना किंवा तीन तासांचे एडिटिंग सेव्ह होत असताना कॉम्प्युटर एकदम काळा होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हा मेकॅनिक आधी रॅम बदलतो, मग विंडोज पुन्हा टाकतो, आणि दोष मात्र डब्यात असतो. यासाठीच फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवे मानक आले. त्याप्रमाणे बनलेल्या मोठ्या डब्याने आपल्या ताकदीच्या दुप्पट झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता सोसलाच पाहिजे. २०२३ मध्ये त्याची ३.१ ही सुधारित आवृत्ती आली. आज नवा डबा घेताना खोक्यावर 'एटीएक्स ३.०' किंवा '३.१' लिहिले आहे का ते पाहणे म्हणूनच फायद्याचे.

खोक्यावरचा दुसरा शिक्का म्हणजे '८० प्लस'. हा शिक्का अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाला. पुढे त्याच्या पायऱ्या झाल्या : साधा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटेनियम. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के कॉम्प्युटरला मिळते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढेच तो सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर हे आकडे थोडे सुधारतातच.

व्यापाऱ्याने यातला पैशाचा भाग पाहावा. समजा मशीन कामात असताना आतून ४०० वॉट मागते आणि रोज सहा तास चालते. ८० टक्क्यांचा डबा भिंतीतून ५०० वॉट ओढील, ९० टक्क्यांचा सुमारे ४४५. फरक ५५ वॉटचा. वर्षाला होतात साधारण १२० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी बाराशे रुपये झाले. दुकानाच्या मीटरवर दर घरापेक्षा चढा असतो, तिथे आणखी. म्हणजे गोल्डसाठी दोन-अडीच हजार जास्त मोजले तर दोन वर्षांत ते वसूल होतात, आणि अशा डब्यांची वॉरंटी सात ते दहा वर्षांची असते. दिवसातून तासभरच चालणाऱ्या मशीनला मात्र हा हिशेब लागू होत नाही, तिथे चांगल्या कंपनीचा ब्राँझ पुरे.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ८० प्लसचा शिक्का म्हणजे दर्जाची हमी नव्हे. रिपल किती, संरक्षणाच्या साखळ्या खरोखर काम करतात का, याची तपासणी त्यात होत नाही. शिवाय ती चाचणी होते २३ अंशांच्या खोलीत. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या गाळ्यात कॅबिनेटच्या आत तर विचारूच नका. याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे गिगाबाइट कंपनीच्या पी ७५० जीएम आणि पी ८५० जीएम या दोन मॉडेलांचे प्रकरण. दोन्हींवर गोल्डचा शिक्का होता. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा असताना अमेरिकेत कार्ड हवे तर हा डबाही घ्या, अशा जोडविक्रीत ते खपवले गेले. त्यातले काही चाचण्यांत आवाज करून फुटले. गाजावाजा झाल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने ठरावीक क्रमांकांचे डबे बदलून देण्याचे जाहीर केले आणि जास्त भाराला बंद पडण्याची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणली. म्हणजे संरक्षण होते, पण ते इतके उशिरा जागे होत होते की तोवर आतला भाग जळून जाई.

यावरून दुसरा मुद्दा निघतो. नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नये, मॉडेल पाहावे. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागावर निघालेले ग्रे कापड कुठे प्रोसेस होते आणि शेवटी कोणाच्या छापाने विकले जाते, हे आपण रोज पाहतो. एकाच छापाखाली उत्तम मालही असतो आणि हलकाही. एसएमपीएसचे अगदी तसेच आहे. नाव असलेल्या कित्येक कंपन्या स्वतः डबा बनवत नाहीत, चीन आणि तैवानच्या मोजक्या कारखान्यांकडून बनवून घेतात. सीसॉनिकसारखी कंपनी स्वतः बनवते आणि दुसऱ्यांनाही पुरवते. कॉर्सेर, कूलर मास्टर, डीपकूल, एमएसआय यांच्याकडे वरच्या दर्जाचा मालही आहे आणि किंमत पाडून काढलेला खालचाही. कंपनीला स्वतःच्या मालाचा भरवसा किती, हे वॉरंटीच्या वर्षांवरून बरेचसे कळते. एकाच कंपनीची एक मालिका तीन वर्षांची आणि दुसरी दहा वर्षांची असेल तर त्यातला फरक कंपनीने स्वतःच सांगितला असे समजावे. आत १०५ अंशांचे कॅपॅसिटर आहेत का, पूर्ण ताकद ४० अंशांवर देतो की ५० अंशांवर, हे कंपनीच्या माहितीपत्रकात असते. कॅपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून आपल्या हवेत हा तपशील पुण्या-मुंबईपेक्षाही अधिक महत्त्वाचा.

इथवर डब्याचे झाले. पण डबा कितीही इमानदार असला तरी त्याला मिळणारी वीज कशी आहे, यावर अर्धा मामला अवलंबून. नियमाप्रमाणे आपल्या लाइनला २३० व्होल्ट, सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ असायला हवेत. लाइनच्या टोकाला राहणाऱ्यांना प्रत्यक्षात काय मिळते ते त्यांनाच विचारावे. संध्याकाळी भार वाढला की व्होल्टेज बसते, मध्यरात्री भार उतरला की चढते. यात कमी व्होल्टेजची फारशी भीती नाही. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेला चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतो, त्याच्यासाठी फ्रिजसारखा स्टॅबिलायझर लावण्याची गरज नसते. खटखट वाजणाऱ्या रिलेच्या स्टॅबिलायझरने उलट त्रासच होतो. जुन्या डब्यांना मागे ११५-२३० असे लाल बटण असे. तसला डबा कोणी आज देऊ केला तर तो किती जुन्या घडणीचा आहे हे ओळखावे.

खरी भीती आहे ती चढत्या व्होल्टेजची, आणि त्यातही न्यूट्रल तुटण्याची. आपल्या दुकानांच्या रांगांना तीन फेजमधून वाटून वीज दिलेली असते. खांबावर किंवा मीटर पेटीत न्यूट्रलची तार सुटली की दोन फेजमधले चारशेवर व्होल्ट आपापसांत वाटले जातात, आणि ज्याच्याकडे भार कमी त्याच्याकडे जास्त व्होल्टेज जाते. एका पावसाळ्यात आमच्या रांगेत हेच झाले. एका दुकानात दिवे मिणमिणले, शेजारच्यात बल्ब ट्यूबलाइटसारखे पांढरे पडले, पंखा गरगरला, आणि बिलाच्या कॉम्प्युटरमधून टाळी वाजल्यासारखा आवाज आला. अशा वेळी जगातला सर्वांत महाग एसएमपीएसही टिकत नाही. बहुतेकांची मर्यादा २६४ व्होल्टच्या आसपास असते. यावर उपाय बाजारात सहज मिळतो. मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घ्यावा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तो स्वतः लाइन तोडतो आणि ठीक झाल्यावर जोडतो. 'स्पाइक बस्टर' म्हणून विकला जाणारा बोर्ड हे काम करत नाही. त्यातल्या बऱ्याचशांत चार सॉकेट आणि एक दिवा यापलीकडे काही नसते.

अर्थिंगची गोष्टही टाळण्यासारखी नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार अनेकांची आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरची किंचित गळती अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जायची असते. अर्थिंग नसेल तर ती कॅबिनेटवर साचते. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजून घ्यावे, ते फेज-न्यूट्रलइतकेच भरले पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर कुठेतरी गडबड आहे. शिरूर-दौंडची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते. कोळसा-मीठ घातलेल्या जुन्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहिले नाही तर तो खड्डा नावाचाच उरतो. सॉकेटच्या तिसऱ्या भोकात वायर जोडलेलीच नाही, असेही जुन्या इमारतींत सर्रास आढळते. टॉप तीन पिनचा म्हणजे अर्थिंग आहे, असे समजू नये.

लाइट गेल्यावरचा प्रश्न वेगळा. रमजानच्या संध्याकाळी किंवा लग्नसराईत ऐन गर्दीच्या वेळी वीज जाते तेव्हा यूपीएस हवाच. पण जुन्या बिलिंग कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनला लावू नये. ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉट. ४५० वॉट ओढणारे मशीन त्यावर टाकले तर लाइट जाताच यूपीएस ओरडून बंद पडतो. निदान एक केव्हीए, म्हणजे साधारण ६०० वॉटचा घ्यावा, आणि तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. स्वस्त यूपीएस आणि जुने इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसचे तिच्याशी नीट जमत नाही. कधी गुणगुणतो, कधी वीज बदलताना बंद होतो.

घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. लाइट गेल्यानंतर एसएमपीएस स्वतःच्या कॅपॅसिटरवर सुमारे १७ मिलिसेकंद तग धरतो, आणि तेही पूर्ण भार नसताना. ५० हर्ट्झच्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एका लाटेपुरताही त्याला दम नसतो. इन्व्हर्टरने त्याच्या आत वीज पुरवली तर ठीक. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' असे बटण असते, ते चालू ठेवले तर तो लवकर बदलतो. साध्या मोडवर पंखा-दिव्यांना कळत नाही, कॉम्प्युटर मात्र पडतो.

आता धूळ. आपल्याकडची धूळ, आणि त्यात कापड दुकान किंवा शिलाईचा कारखाना असेल तर उडणारे तंतू, हे दोन्ही मिळून एसएमपीएसच्या पंख्यावर नमदा बसवतात. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने बाहेरूनच साफ करावे. पंखा खाली तोंड करून बसवला असेल तर कॅबिनेटच्या तळाला जाळी असावी, आणि कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नये. डबा मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठून राहतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांना हे ठाऊक आहे, हौशी पोरांना नसते.

जोडणीबद्दल दोन सूचना. ज्या डब्यांच्या वायरी सुट्या निघतात त्यांना मॉड्युलर म्हणतात. एका डब्याच्या वायरी दुसऱ्याला कधीही लावू नयेत, अगदी टोक बरोबर बसले तरी. डब्याकडच्या बाजूचा पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि चुकीची वायर लावून बटण दाबले की डिस्क तिथल्या तिथे जळते. धंद्याचा डेटा गेला तर कोणती वॉरंटी तो परत आणणार? दुसरी सूचना मोठ्या कार्डांच्या सोळा पिनांच्या नव्या कनेक्टरची, ज्यातून ६०० वॉटपर्यंत वीज जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांवर हा कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. बहुतेक ठिकाणी तो पूर्ण आत बसवलेला नव्हता, असे एनव्हिडियाने त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगितले. पुढे त्याच्या पिनांची घडण बदलण्यात आली, नीट बसला नाही तर कार्डाला वीजच मिळू नये अशी. तो शेवटपर्यंत दाबावा आणि टोकापाशीच वायर मुडपू नये. आठ पिनांची जुनी पद्धत असेल तर एक कनेक्टर १५० वॉटचा. दोन लागत असतील तर डब्यातून दोन स्वतंत्र वायरी आणाव्यात, एकीलाच दोन टोके आहेत म्हणून भागवू नये.

जुना एसएमपीएस घ्यावा का? माझे मत स्पष्ट नाही असेच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारे त्याचे 'मायनिंग' बंद झाले. तेव्हा रात्रंदिवस पूर्ण भारावर तापलेली कार्डे आणि त्यांचे डबे ढिगाने जुन्या बाजारात आले. कार्ड निदान चालवून, तापवून पाहता येते. डब्याचे कॅपॅसिटर किती सुकले आहेत हे बाहेरून कळत नाही. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून दाखवणे ही काही परीक्षा नव्हे. मोकळा टेम्पो तर कोणाचाही चालतो.

खरेदीला दौंडचा माणूस रेल्वेने आणि शिरूरचा नगर रस्त्याने पुण्याला जातो, काहीजण मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठतात, बाकीचे घरबसल्या मागवतात. कुठूनही घ्या, बिल पक्के घ्या आणि त्यावर एसएमपीएसचे मॉडेल व सीरियल नंबर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. 'असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग' असे बिल असेल तर पाच वर्षांनी कंपनीचे सर्व्हिस सेंटर दाद देत नाही. अधिकृत आयातदाराचा माल आहे का हे खोक्यावरच्या चिठ्ठीवरून पाहावे, परदेशातून परस्पर आलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळेलच असे नाही. एसएमपीएसवर १८ टक्के जीएसटी आहे. मशीन धंद्याच्या कामाचे असेल आणि आपण नियमित नोंदणीखाली असाल तर दुकानाच्या नंबरावर बिल घेऊन हा कर वजा करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांना ती सवलत नाही, आणि नुसत्या खेळासाठी घेतलेल्या मशीनवरही नाही. कच्च्या बिलात हजार रुपये वाचले असे वाटते त्यांनी हा आकडा आधी मांडून पाहावा.

आज साधारणपणे चांगल्या कंपनीचा ६५० वॉटचा ब्राँझ पाच हजारांच्या आसपास आणि ७५० वॉटचा गोल्ड सात ते दहा हजारांच्या घरात मिळतो. सव्वा लाखाच्या मशीनमध्ये हे चार ते आठ टक्के झाले. बजेट तेवढेच असेल तर कॅबिनेटचे रंगीत दिवे आणि काच कमी करावी, ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली घ्यावे, पण इथे काटकसर करू नये. मुलाला हे पटायला जड जाते. दिवे मित्रांना दिसतात, डबा दिसत नाही.

मशीन घरी आल्यावर ते लगेच पूर्ण भारावर निदान दोन तास चालवून पाहावे, शक्यतो दुपारच्या उन्हाच्या वेळी. एखादा जड खेळ किंवा लांबलचक व्हिडिओ रेंडर लावून द्यावा. जळका वास, किरकिर आवाज किंवा आपोआप रीस्टार्ट यांपैकी काहीही दिसले तर दुकानदाराच्या बदलून देण्याच्या मुदतीतच परत न्यावे. ही मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते, आणि ती संपल्यावर तोच डबा दुकानात न बदलता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावा लागतो. तोवर मशीन बंद. म्हणून खोके, आतले थर्माकोल आणि न वापरलेल्या सगळ्या वायरी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवाव्यात.